‘मी आणि माझी आई’ : एक अस्वस्थ करणारा विधी

किळस आणणारी कलाकृती कौटुंबिक वाचकांपुढे ठेवताना आम्हांला संकोच वाटतो. तरीही आइसलंडचे कलावंत रागनार क्यार्टनसन यांच्या ‘मी आणि माझी आई’ या चित्रफितींविषयी लिहिणे आम्हांला अगत्याचे वाटते.

प्रसंग साधा आहे. पुस्तकांच्या कपाटासमोर मायलेक शेजारी शेजारी उभे असतात. आई मुलाकडे वळते आणि त्याच्या तोंडावर थुंकते, पुनःपुन्हा थुंकते. मुलगा निमूटपणे सोसतो. आई स्वतः अभिनेत्री आहे. पहिली फीत २००० साली, रागनार कलाशिक्षण घेत असताना तयार झाली. पुढे २००५, २०१०, २०१५ अशी दर पाच वर्षांनी दोघांनी तीच कृती पुन्हा चित्रित केली.

थुंकणे म्हणजे धिक्कार, हे आपण प्रभूच्या दुःखसहनाच्या वाचनात दरवर्षी ऐकतो. परंतु त्याच प्रभूने थुंकून मुक्याच्या जिभेला स्पर्श केला, जन्मांधाच्या डोळ्यांना थुंकीने कालवलेली माती लावली. जुन्या स्नानसंस्कारात धर्मगुरू लाळेने बालकाचे कान व नाक स्पर्शीत असत.

उरणजवळच्या करंजासारख्या कोळीवाड्यात तर हा दुहेरी अर्थ सांगावाही लागू नये. नातवाची दृष्ट काढताना आजी मीठमोहरी ओवाळते आणि ‘थू थू’ करते. त्या थुंकण्यात माया असते, कारण घराबाहेर दर्या आहे आणि दर्याचा भरवसा नाही. संकट खरे आहे, म्हणूनच विधीला बळ आहे.

आमचा आक्षेप नेमका येथे आहे. या मायलेकांच्या सुरक्षित घरात संकट कोणते? एकच फीत पाहिली, तर ती थट्टा वाटते आणि थट्टेपलीकडे फारशी जातही नाही.

सर्व फिती ओळीने पाहिल्यावर मात्र आमचे मत बदलते. कृती तीच राहते. आई थकत जाते, मुलगा प्रौढ होतो. पुढच्या खेपेस आई शेजारी उभी असेल ना, ही धास्ती प्रेक्षकाला वाटू लागते. संकट बाहेरून येत नाही. ते पाच-पाच वर्षांनी त्याच खोलीत वाढत असते. जपमाळेचे शब्द रोज तेच असतात, म्हणणारा मात्र रोज थोडा म्हातारा होतो. तरुणपणीच्या थट्टेला या मायलेकांनी इतकी वर्षे इमान राखले, त्यामुळेच ती आज गंभीरपणे पाहावीशी वाटते.