तैलरंग आणि त्याचा आधार : कोल्हापूरच्या चित्रपरंपरेतील एक उपेक्षित प्रश्न

कोल्हापूरच्या चित्रकलेविषयी आजवर जे लेखन झाले आहे, त्यात चित्रविषय, गुरुपरंपरा आणि राजाश्रय यांची चर्चा विपुल आढळते. चित्र कशावर रंगविले आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. चित्रसूचीत ‘तैलरंग’ एवढा शब्द लिहिला की माध्यमाविषयीचे कर्तव्य संपले, असा एक समज रूढ झालेला दिसतो. या समजामुळे समीक्षा आणि जतन या दोहोंचीही हानी होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तैलरंग म्हणजे प्रामुख्याने जवसाच्या तेलात घोटलेली रंगद्रव्ये. हे तेल पाण्याप्रमाणे उडून जात नाही; हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते. कोऱ्या मांजरपाटावर हा रंग चढविल्यास कापड तेल पिऊन टाकते, रंग निस्तेज होतो आणि कालांतराने धागाही कुजतो. म्हणून कापडास आधी सरसाचा हात आणि मग पांढरे अस्तर द्यावे लागते. लाकडाची फळी हवेतील ओलाव्याने आडवी फुगते व आकसते, आणि तिच्यावरील रंगास भेगा पडतात. ताज्या चुन्याच्या भिंतीत तेलाचा क्षाराशी संयोग होऊन जणू साबण बनतो. पत्रा तेल मुळीच शोषीत नाही. त्यामुळे तो घासून खरखरीत केल्यावाचून रंग टिकाव धरीत नाही. काचेच्या मागील बाजूने रंगवावयाचे झाल्यास तर क्रमच उलटतो : कॅनव्हासवर जो हात शेवटचा, तो काचेवर पहिला. माध्यम एकच, पण आधार बदलताच त्याचे व्याकरण बदलते.

या दृष्टीने बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. कलाशाळेत न जाता त्यांनी आपले नात्यातील बंधू आनंदराव (मृत्यू १९१६) यांच्यासमवेत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. नाटकाचा पडदा गुंडाळावा लागतो. तो हलका हवा आणि दिव्यांच्या प्रकाशात चमकता कामा नये. म्हणून पडद्याच्या कामात तैलरंगाऐवजी सरसात कालविलेल्या रंगांचा उपयोग होत असे. हे रंग झपाट्याने वाळतात आणि वाळताना फिके पडतात. त्यांत कडा सावकाश मिसळण्यास अवसर नसतो. छटा आधीच मनाशी निश्चित करून रुंद कुंचल्याने काम उरकावे लागते.

आता त्यांच्या तैलचित्रांकडे पाहावे. त्यांतील मृदू, धूसर कडांचे श्रेय समीक्षक सामान्यतः त्यांच्या काव्यात्म वृत्तीस देतात. ते अमान्य करण्याचे कारण नाही. तथापि ज्या हाताला पडद्यावर कड विरघळविण्याची मुभा नव्हती, त्याला अस्तर दिलेल्या कॅनव्हासवर संथपणे वाळणाऱ्या तेलाने ती प्रथमच दिली, हेही ध्यानात घ्यावयास हवे. ही मृदुता जितकी स्वभावाची, तितकीच आधारपृष्ठाचीही आहे. उलट मोठे आकारमान एका दृष्टिक्षेपात तोलण्याची शक्ती ही पडद्याची देणगी मानावी लागते.

‘सैरंध्री’ (१९२०) या चित्रपटानंतर कोल्हापुरात चित्रपटव्यवसाय फोफावला आणि त्याबरोबर जाहिरातीच्या फलकांची चित्रकलाही. तेथे पाऊस सोसावयाचा असल्याने तैलरंग पुन्हा कापडावर आला. परंतु नवा चित्रपट लागला की जुन्या फलकावर पांढरा हात फिरवून नवे चित्र काढण्याची रीत होती. पडदे ओलाव्याने व गुंडाळण्याने झिजले, फलक नव्या चित्रांखाली गाडले गेले. उरले ते प्रामुख्याने कॅनव्हास. म्हणजे या परंपरेविषयीचा आपला निर्णय तिच्या एका आधारावर उभा आहे, याचे भान समीक्षकाने राखले पाहिजे.

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. कोल्हापूरच्या दीर्घ पावसाळ्यात कॅनव्हास ओल धरतो व ढिला पडतो, बुरशी चढते, आणि वयपरत्वे ताठर झालेला रंगाचा थर त्याच्या हालचालीस साथ देऊ न शकल्याने तडकतो. अशा चित्राचे अस्तर तेलाचे आहे की सरस-खडूचे, हे ठाऊक नसता ते ओल्या बोळ्याने पुसणे घातक ठरते. सरसाचे अस्तर पाण्याने फुगते आणि वरचा रंग खपलीसारखा सुटतो. एका शब्दाची नोंद राहून गेल्याने चित्रच गमावण्याची ही वेळ असते.

म्हणून सूचीकारांनी प्रत्येक तैलचित्रापुढे कापडाचा वा फळीचा प्रकार, अस्तर, रोगणाचा थर आणि पूर्वीची दुरुस्ती यांची नोंद करावी. चित्राच्या पाठीमागील बाजूचेही छायाचित्र घ्यावे. चित्राची पाठ वाचल्याशिवाय त्याच्या मुखाचा अर्थ पूर्णपणे लागत नाही, आणि ते मुख फार काळ टिकतही नाही.