उत्तरार्धाचं पहिलं वाक्य

अभिजात कादंबरीचा उत्तरार्ध कल्पायचा आणि त्याचं फक्त पहिलं वाक्य लिहायचं, तेही हसू येईल असं. हा खेळ आमच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर अजून चालतो. अमेरिकेतल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात १९८२ साली सुरू झालेली बुल्वर-लिटन स्पर्धा ही त्याची चुलत बहीण; तिथे न लिहिलेल्या कादंबरीचं वाईटात वाईट पहिलं वाक्य मागवायचे. मराठी वाचकाला विडंबन ओळखीचं आहे. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ला १०० वर्षं झाली. पण विडंबन शैलीची नक्कल करतं. उत्तरार्धाच्या वाक्याला मूळ पुस्तकाचा काळ पुढे न्यावा लागतो, आणि त्यात मूळचं काही मोडून चालत नाही. म्हणून मला तो समीक्षेचाच एक प्रकार वाटतो. आजच्या सांगली जिल्ह्यात जन्मलेल्या तीन लेखकांवर तो वापरून पाहू.

आधी सांगलीचे वि. स. खांडेकर, ‘ययाति’ (१९५९). माझं वाक्य: ‘राज्यावर बसताच पुरूने पहिला हुकूम काढला, यापुढे वडीलधाऱ्यांना काहीही उसनं देऊ नये.’ हसू येतं, पण वाक्य तिथेच संपतं. भोगाला अंत नसतो, हा निष्कर्ष कादंबरीने स्वतःच काढून ठेवलाय. विनोद तोच पुन्हा सांगतो. हिशोब मिटवून संपलेल्या पुस्तकाला उत्तरार्ध चिकटत नाही.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ही १९५९ची. इथे नायकावर विनोद करणं हलकटपणा होईल. विनोद करायचा तर हजेरीवर. जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१चा कायदा १९५२ साली रद्द झाला, आणि ‘फकिरा’ आली त्याच वर्षी मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला. म्हणून: ‘साहेब गेला, पण हजेरीच्या वहीत बरीच पानं कोरी होती, आणि सरकारला कागद वाया घालवणं पसंत नव्हतं.’ या वाक्याला कुणी खदखदून हसत नाही. फकिराचं बलिदान वाचून आपण डोळे पुसतो आणि गोष्ट इंग्रजांच्या काळातली म्हणून बाजूला ठेवतो. ती सोय हे वाक्य काढून घेतं.

सगळ्यात जास्त वाक्यं आली ती व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर (१९५५). औंध संस्थानातली धनगरांची वाडी, नवखा मास्तर, आणि शेवटी दुष्काळाने उठलेलं गाव. औंध आज साताऱ्यात, आटपाडी सांगलीत. त्याच साताऱ्यातल्या कऱ्हाड तालुक्यात, टेंभूला, कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून टप्प्याटप्प्याने आटपाडीकडे नेलं जातं. तोवर खानापूर-आटपाडीची कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात देशभर पांगली होती. माझं वाक्य: ‘टेंभूचं पाणी वाडीत पोचलं त्या दिवशी वाडी कोइमतुरात सोनं गाळत होती, म्हणून पाण्याची पूजा व्हिडिओ कॉलवर झाली.’

ग्रुपवरच्या आटपाडीच्या मित्राने खाली लिहिलं: ‘पाणी आलं तेव्हा वाडीत दोनच म्हातारे उरले होते, आणि पहिली पाळी कुणाची यावरून दोघांची केस कोर्टात होती.’

त्याचं वाक्य सरस आहे, आणि ते केवळ जास्त हसवतं म्हणून नव्हे. ‘बनगरवाडी’ मास्तर सांगतो. तो बाहेरून आलेला आणि शेवटी निघून जाणारा. तो गेल्यावर वाडीचं काय झालं, हे त्या निवेदनाला दिसणंच शक्य नाही. वाचकही मग रिकामी वाडी मनात धरून पुस्तक मिटतो. साताऱ्यातून पुण्यात नोकरीला आलेला मीही जाणाऱ्यांतलाच, त्यामुळे माझ्या वाक्यात सगळी वाडी उठलेली आहे. मित्राच्या वाक्यात दोघं मागे राहिलेत, चिवट आहेत, पाण्यावर हक्क सांगतायत. कारुण्याने ओथंबलेली ‘बनगरवाडी’ची परीक्षणं मी बरीच वाचली. त्यातल्या एकातही हे दोन म्हातारे मला भेटले नव्हते.