‘द मॅन ऑफ द क्राउड’मधील निरीक्षक : एक चिकित्सा

एडगर अ‍ॅलन पो यांच्या ‘द मॅन ऑफ द क्राउड’ (१८४०) या कथेचा निवेदक लंडनमधील कॉफीगृहाच्या खिडकीतून गर्दी न्याहाळतो. लेखणी अडकवून बाहेर आलेल्या उजव्या कानावरून तो कारकून ओळखतो. त्याचा हा आत्मविश्वास मोठा लोभस आहे. मात्र एक वृद्ध कोणत्याच वर्गात बसत नाही. तेव्हा तो सुमारे २४ तास त्याचा पाठलाग करतो आणि अखेर त्याला गुन्हेगार ठरवतो. वस्तुतः कथेत गुन्हा घडताना दिसतच नाही. फाटक्या झग्यातून दिसलेला खंजीर दृष्टिभ्रमही असू शकेल, अशी कबुली स्वतः निवेदकच देतो. त्यामुळे वृद्धाच्या गूढापेक्षा निवेदकाची निष्कर्षाची घाई अधिक तपासण्याजोगी ठरते. गर्दीवाचून राहू न शकणारा वृद्ध आणि त्याला नजरेआड होऊ न देणारा, नुकताच आजारातून उठलेला निवेदक, यांपैकी अधिक एकाकी कोण, हे कथा सांगत नाही.