रक्तक्षयाचा अपुरा तक्ता

परवा एका शाळेत व्याख्यानासाठी गेलो असता आठवीच्या वर्गात रक्तक्षयाचा तक्ता पाहिला. चित्रे सुरेख, अक्षर वळणदार. त्यातले मुख्य विधान होते : ‘रक्तक्षय म्हणजे लोहाची कमतरता.’ लोहाची कमतरता हे एक मोठे कारण आहे, यात वाद नाही. माझा आक्षेप ‘म्हणजे’ या शब्दाला आहे. त्यामुळे बाकीच्या कारणांना जागाच उरत नाही.

खरे तर याचा धडा मुंबईतच गिरवला गेला आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स येथे आल्या आणि त्यांनी गरोदर स्त्रियांमधील एका गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास केला. त्यात तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. यीस्टचा अर्क दिल्यावर रुग्ण सुधारले. हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे ब-गटातले फॉलिक आम्ल, हे पुढे कळले.

आता दुसरी बाजू पाहू. आईकडून किंवा वडिलांकडून थॅलसेमियाचे एक जनुक आलेल्या स्त्रीच्या तांबड्या पेशी लहान असतात, अगदी लोहाच्या कमतरतेत असतात तशा. तिला ब-१२ किंवा फॉलिक आम्लही कमी पडत असेल तर? एक कारण पेशी लहान करते, दुसरे मोठ्या. सरासरी आकार ८० ते १०० फेम्टोलिटरच्या ‘सामान्य’ पट्ट्यात येऊ शकतो आणि वाहकपण नजरेतून निसटते. पतीही वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तीव्र थॅलसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा बाळाला सहसा जन्मभर रक्त द्यावे लागते. सरासरीवर विसंबण्याची किंमत ही अशी.

ब-१२ कमी असताना केवळ फॉलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारलेले दिसते. मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. शिवाय ब-१२ पालेभाज्यांतून मिळत नाही. ते दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळते.

म्हणून कोणी डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या सोडू नयेत. वाहक स्त्रीलाही लोहाची उणीव असू शकते. शिक्षकांनी तक्ता फाडण्याचेही कारण नाही. ‘म्हणजे’ खोडून त्या जागी ‘कशामुळे?’ एवढे लिहावे आणि खाली तीन रकाने आखावेत : लोह, ब-जीवनसत्त्वे, अनुवंश. ते विद्यार्थ्यांनाच भरू द्यावेत.