पलंगाखालच्या फळ्या

लाकडी जमीन बघायची तर उकिडवं बसावं. उभ्याने दिसतो तो नुसता रंग, आणि रंगाचं श्रेय बहुतेक वेळा पॉलिशवाल्याचं असतं. पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत, एका स्नेह्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी असाच बसून राहिलो.

त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. तेवढ्याच पैशांत घरभर लॅमिनेट, नाहीतर एकाच खोलीत जुनं बर्मा सागवान. लॅमिनेटला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. दाबून घट्ट केलेल्या लाकूडतंतूंचा पाट, त्यावर लाकडाचा छापील कागद आणि वर मेलामाइनचं पारदर्शक कवच. १९७७ साली स्वीडनमधल्या पेरस्टॉर्प कंपनीत जन्मलेली ही युक्ती मुलांच्या सायकली आणि खुर्च्यांची ओढाताण सागवानापेक्षा बरी सोसते. झीज सोसण्याच्या ‘एसी’ प्रतवारीतलं ३ किंवा ४ दर्जाचं घराला पुरतं. तोडफोड न करता जुन्या फरशीवर फोम अंथरून बसवता येतं. फक्त सांध्यात पाणी मुरलं की कडा फुगतात, त्या परत बसत नाहीत. आणि छापील गाठ चार फळ्यांनंतर तशीच्या तशी पुन्हा भेटते. एकदा दिसली की मग तीच दिसत राहते.

स्नेह्यांनी बाकी घरातली मोझॅकची फरशी तशीच ठेवली आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पाडलेल्या इमारतीच्या कड्या आणल्या. खिळे उपटून, चिरून त्यांच्या फळ्या केल्या. खिळ्यांची भोकं तशीच आहेत, भोवती गंजाने काळवंडलेलं वलय. ती लांबी घालून बुजवली नाहीत याबद्दल सुताराला सलाम.

मजा आहे ती चिरकामात. काही फळ्यांवर रेघा सरळ, समांतर धावतात. काहींवर कमानी उठलेल्या. सरळ रेघांची फळी म्हणजे वाढीच्या वलयांना काटकोनात कापलेली. सागवान वलयांच्या दिशेने जितकं फुगतं-आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच वलयांना आडवं, गाभ्याकडून सालीकडे. म्हणून सरळ रेघांची फळी रुंदीला कमी हलते. ती महागही पडते, कारण तशी चिरताना लाकूड वाया जातं. इथे दाराशी आणि खिडकीखाली, जिथे ऊन-ओल जास्त, तिथे नेमक्या त्याच लावल्यात. कमानीवाल्या मधे. आणि ज्यांत कडेचं फिकट, कच्चं लाकूड आलंय किंवा गाठ निखळून ठिगळ मारलंय, त्या सगळ्या पलंगाखाली! काटकसर लपवायची तर अशी.

कड्यांचे तुकडे आखूड, म्हणून स्वस्त. पण आखूड फळ्यांची जमीन सांध्यांनी गजबजते. सुताराने लगतच्या दोन ओळींतले सांधे निदान फूटभर अंतरावर ठेवलेत आणि त्यांची जिन्यासारखी चढती रांग कुठेच होऊ दिली नाही. खिडकीतला उजेड फळ्यांच्या लांबीने येतो, त्यामुळे उभे सांधे सावली धरत नाहीत. नर-मादी खाचेत फळ्या गुंतवून खिळे जिभेतून तिरके मारलेत, वर एकही दिसत नाही.

सगळ्यात देखणी गोष्ट मात्र दिसत नाही. चारी भिंतींपाशी जेमतेम बोटभर फट सोडली आहे, पावसाळ्यात फळ्यांना पसरायला. ती झाकणारी स्कर्टिंगची पट्टी भिंतीला ठोकलीय, जमिनीला नाही. जमिनीला ठोकली असती तर फट असून नसल्यासारखी. याला जास्तीचा एक रुपया लागत नाही, आणि घाईचा कारागीर नेमकं हेच विसरतो. खालची पातळी पाहायलाही वेळच लागतो: दोन मीटरची सरळ पट्टी ठेवून खाली तीन मिलिमीटरहून जास्त पोकळी नको. इथे ते काम चोख झालंय. चालताना कुठेही पोकळ आवाज येत नाही.

वर जवसाचं तेल. चकाकी नाही, वाळायला दिवस लागतात, पण ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी घासून पुन्हा तेल लावता येतं. पॉलियुरेथेनचा (पीयू) थर खरवडला की बहुधा पूर्ण खोली घासावी लागते.

खटकलं ते एकच. फळ्यांखाली अंथरलेलं प्लायवूड आणि वरची फळी मिळून जमीन इंचाहून जास्त उचलली गेली. दार खालून तासलं, ते ठीक. पण उंबऱ्यापाशी उतार द्यायला पितळी रंगाची अॅल्युमिनियमची पट्टी लावलीय. कड्यांचे इतके तुकडे उरले होते, त्यातूनच एक तिरपी पट्टी रंधून काढायला हवी होती.