ज्येष्ठत्व, आशीर्वाद आणि याकोबकथेचा तेहतिसावा अध्याय

याकोब-एसाव कथेची चर्चा बहुधा 'उत्पत्ती'च्या सत्ताविसाव्या अध्यायापाशीच थांबते. हातांवर करडांची कातडी चढवून अंध इसहाकापुढे उभा राहिलेला धाकटा मुलगा दैवी योजनेचे साधन की निव्वळ कपटी, या वादात भाष्यकारांची बरीच शक्ती खर्ची पडली आहे. संहितेचा स्वतःचा निवाडा मात्र सहा अध्याय पुढे, भावांच्या पुनर्भेटीत आहे.

हिब्रूत ज्येष्ठत्वाचा हक्क 'बेखोरा' आणि आशीर्वाद 'बेराखा'. मूळ व्यंजने तीच, क्रम तेवढा बदललेला. एसावच्या आक्रोशात (२७:३६) हे दोन्ही शब्द शेजारी येतात आणि दोहोंना क्रियापद एकच : 'लाकाह', म्हणजे घेतले. (पैकी पहिला हक्क त्याने मसुराच्या वरणासाठी स्वतःच विकला होता, हे तो सोयीस्करपणे विसरतो.) हा श्लेष अभ्यासकांच्या परिचयाचा आहे, त्याचा उत्तरार्ध तितका नाही. तेहतिसाव्या अध्यायात याकोब भावाला कळप देऊ करतो. दहाव्या वचनात ती 'मिन्हा', भेट, असते; अकराव्यात ती 'बिर्खाती', माझा आशीर्वाद, होते. आक्रोशातील तेच रूप, आणि 'घे' या आज्ञार्थात तोच धातू. राशी (१०४०–११०५) 'बिर्खाती'चा अर्थ 'माझी भेट' असाच लावतो. कोशाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. पण नेमका हाच शब्द याकोबाच्या तोंडी का, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, केवळ झाकला जातो.

कृतीही शब्दाला दुजोरा देते. आईच्या पुत्रांनी याकोबापुढे नमावे, असा इसहाकाचा आशीर्वाद होता. प्रत्यक्षात याकोबच सात वेळा भूमीपर्यंत लवतो, एसावला स्वामी आणि स्वतःला दास म्हणवतो.

यावर आक्षेप संभवतो : आशीर्वाद परत केला, तर वंशाची परंपरा याकोबाकडे कशी उरते? उत्तर अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे. तेथे इसहाक समोर कोण आहे हे पुरते जाणून, अब्राहामाला दिलेले संततीचे आणि भूमीचे वचन याकोबाला उघडपणे देतो. कपटाने मिळाले होते ते आकाशाचे दहिवर, धान्य, द्राक्षारस आणि भावावरील स्वामित्व. परतीच्या देण्यात येते ते एवढेच, संपत्ती आणि नमन. 'बेखोरा' हा शब्द त्या भेटीत कोणीच उच्चारत नाही. एसाव आधी नाकारतो, याकोब आग्रह करतो, आणि त्याच धातूचे क्रियापद निवेदक आता एसावला लावतो : तो घेतो.