एका वाऱ्यापुरता आसरा

सागरप्रवासाची पुस्तके वाचणाऱ्याची एक ठरलेली अपेक्षा असते. वादळ यावे ते भर समुद्रात. शिडे फाटावीत, डोलकाठी कडाडावी, आणि अखेर गलबताने एखाद्या निवांत उपसागरात शिरून नांगर टाकावा, म्हणजे प्रकरण संपले. नांगर हा या वाङ्मयातला पूर्णविराम. पण उष्ण कटिबंधातल्या बेटांमधून हिंडलेल्या खलाशांचा अनुभव निराळा आहे. त्यांची खरी कसोटी पुष्कळदा या पूर्णविरामानंतरच सुरू होते. तेथे जमीन जवळ असते, आणि वारा उलटला की जमीन जवळ असणे हेच संकट होऊन बसते.

हा अनुभव शब्दांत फार थोड्यांना धरता आला. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनला तो धरता आला. आणि तोही त्याच्या प्रवासवर्णनात नव्हे, तर रसिक ज्याला राजकारणाचे कंटाळवाणे टिपण म्हणून बाजूला सारतात त्या ‘अ फुटनोट टु हिस्टरी’ (1892) या सामोआवरील पुस्तकात, असे माझे मत आहे.

दोन नांगर शेजारी ठेवून पाहावेत. 1888 च्या जुलैत ‘कास्को’ ही भाड्याची नौका घेऊन स्टीव्हन्सन नुकुहिवा बेटाच्या अनाहो उपसागरात पोहोचला. त्या आगमनाचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर निघालेल्या ‘इन द साउथ सीज’ (1896) या पुस्तकाच्या आरंभी येते. ते मोहक आहे यात शंका नाही. परंतु तेथे नांगर पडतो तो लेखकाच्या मनात. साखळीवर ताण असा येतच नाही.

दुसरा नांगर आपिया बंदरातला. उपोलू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचे हे बंदर. वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे डोंगर अडवतो. दोन्ही बाजूंनी प्रवाळाच्या भिंती लाटा मोडतात. आसरा म्हणून आणखी काय हवे? पण बंदराचे तोंड उत्तरेला उघडे आहे. 15 आणि 16 मार्च 1889 रोजी चक्रीवादळाचा वारा नेमका त्या तोंडातून आत शिरला, आणि आदल्या दिवशी संरक्षण करणारी प्रवाळाची भिंत जहाजांच्या पाठीशी मृत्यूसारखी उभी राहिली. कोणताही आसरा एका वाऱ्यापुरताच असतो, हे त्या दोन दिवसांचे सार.

बंदरात जर्मनीची तीन, अमेरिकेची तीन आणि इंग्लंडचे एक अशी सात लढाऊ जहाजे होती. मार्च हा तेथला वादळांचा महिना. वायुभारमापकातला पारा उतरत होता. तरी जहाजे वेळेवर बाहेर पडली नाहीत. सामोआवर वर्चस्व कोणाचे, या भांडणात एकाने जागा सोडावी तर दुसऱ्याचे फावेल! स्टीव्हन्सनच्या पुस्तकात या प्रकरणाआधी कारस्थानांची आणि वकिलातींच्या कुरबुरींची लांबण आहे. ती गाळून वादळ तेवढे वाचावे, असा मोह होतो. तसे वाचणारा मात्र कथेचा कणाच काढून टाकतो. ती जहाजे लोखंडाच्या साखळीने बांधलेली होती, त्याहून अधिक त्या भांडणाने बांधलेली होती.

वर्णनाची रीतही पाहण्यासारखी आहे. स्टीव्हन्सन स्वतः तेथे नव्हता; तो सामोआत आला डिसेंबर 1889 मध्ये. ऐकीव माहितीवर काम करताना हलका लेखक विशेषणांची भरती करतो. स्टीव्हन्सन एकेका जहाजाचा हिशेब देतो. ‘एबर’ प्रवाळाखाली चिरडली गेली. ‘आडलर’च्या कप्तानाने नेमक्या क्षणी साखळ्या सोडल्या, लाटेने जहाज उचलून प्रवाळावर आडवे टाकले, आणि बहुतेक माणसे वाचली. इंग्रजांचे ‘कॅलिओपी’ यंत्राचा सगळा जोर लावून इंचाइंचाने बाहेर निसटले, तेव्हा स्वतः बुडण्याच्या बेतात असलेल्या ‘ट्रेंटन’वरच्या अमेरिकन खलाशांनी त्याचा जयजयकार केला. सुमारे दीडशे माणसे मेली. आणि जर्मनांशी ज्यांचे युद्ध चालू होते, त्या सामोअन लोकांनी लाटांत उतरून जर्मन खलाशांनाही ओढून काढले. येथे लेखक आवाज चढवत नाही, म्हणूनच ते मनात रुतते.

दोषही सांगितला पाहिजे. या वादळामुळेच बर्लिनची परिषद घडली, असा मोठा निष्कर्ष तो शेवटी काढतो. परिषदेच्या हालचाली वादळापूर्वीच चालू होत्या. घटनेचे मोठेपण सिद्ध करायला इतिहासाची साक्ष काढण्याची गरजच नव्हती.

जोसेफ कॉनरॅडने ‘द मिरर ऑफ द सी’ (1906) मध्ये नांगर ‘फेकला’ असे लिहिणाऱ्या वर्तमानपत्रांना फटकारले आहे. नांगर फेकायचा नसतो. तो तयार लटकत असतो, फक्त सोडायचा असतो. आपण मराठीतही नांगर ‘टाकतो’. कॉनरॅडची ही शब्दनिष्ठा मला मान्य आहे. पण स्टीव्हन्सन त्याच्यापुढचे पाऊल टाकतो. नांगर सोडणे हे कसब झाले. तो केव्हा उचलावा हे ओळखणे हा विवेक झाला. आणि आपियात कसब सर्वांपाशी होते.

हे सगळे जुन्या काळचे, असे म्हणण्याची सोय नाही. डिसेंबर 1982 मध्ये मेक्सिकोतल्या काबो सान लुकासच्या उघड्या उपसागरात नांगरलेल्या दोन डझनांहून अधिक नौका एका रात्रीत किनाऱ्यावर आदळल्या. बर्नार्ड म्वातेसिए या नाणावलेल्या फ्रेंच दर्यावर्दीची ‘जोशुआ’ त्यांत होती. आज वादळाचे चित्र उपग्रह आधीच दाखवतो. निघायचे की थांबायचे हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. म्हणूनच स्टीव्हन्सनचे हे प्रकरण वाचावे, आणि त्याच्या आधीची कंटाळवाणी पानेही न गाळता वाचावीत. वाऱ्याने दिशा बदलली तरी माणसे जागची का हलत नाहीत, याचे उत्तर त्या पानांत आहे.